हेल्वीबाईंची खरवडणी

हेल्वीबाई राउतिओंनी आपल्या बर्फगाडीला खरवडणी बसवायचं ठरवलं, तेव्हा पेल्कोला नावाच्या आमच्या गावाने जो गिल्ला केला तो गाडीच्या काळजीने नव्हता. तो स्वतःच्या पोटाच्या काळजीने होता.

त्याचं असं आहे. मार्च लागला की आमच्याकडचा जुना रेल्वेचा रस्ता दिवसा पाझरतो आणि रात्री पुन्हा गोठतो. रूळ कधीच उखडून नेले, आता त्यावरून बर्फगाड्याच धावतात. चार दिवस असं पाझरणं-गोठणं झालं की वरचा भुसभुशीत बर्फ नाहीसा होतो आणि रस्ता काचेच्या ताटासारखा लखलखीत होतो. दिसायला सुंदर, पण गाडीच्या जिवावर उठलेला. बर्फगाडीचा पट्टा फिरताना बर्फ वर उडवतो, तो सीटखालच्या पत्र्याला लागतो आणि त्या पत्र्यातून खेळणारं इंजिनाचं पाणी थंड होतं. भुसाच नसेल तर उडवणार काय? बर्फावरून धावणारी गाडी बर्फावाचून तापते, असं परगावच्या पाहुण्याला सांगितलं तर तो आधी आपल्याकडे बघतो आणि मग आपल्या हातातल्या पेल्याकडे.

तापतात सगळ्यांच्याच गाड्या. हेल्वीबाईंची उकळायची. एकतर ती वयस्कर. दुसरं म्हणजे हेल्वीबाईंच्या मागे त्यांचे यजमान आर्मास बसायचे. गुडघे गेल्यापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, जेवणं सोडलं नव्हतं. आणि तिसरं कारण तो डबा. हेल्वीबाईंच्या कैलासवासी सासऱ्यांनी गाडीच्या बॉनेटखाली एक पत्र्याचा डबा बसवून इंजिनाच्या गरम पाण्याची नळी त्याच्याभोवती वेटोळी करून फिरवली होती. डब्यात आमच्या बर्फगाडी मंडळातल्या सगळ्यांच्या पास्ट्या राहायच्या. पास्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरलेली तळहातापेक्षा मोठी करंजी. आमच्या खाणकामगार आजोबा-पणजोबांनी जिच्यावर दिवस काढले ती. हेल्वीबाईंची गाडी उकळली की पास्ट्या अशा वाफाळत निघायच्या की घरच्या भट्टीने लाजावं.

तेव्हा लोक एका तोंडाने "हेल्वीची गाडी उकळली" म्हणून हसत, आणि त्याच तोंडाने पास्टी खात.

दरवर्षी मोसमाच्या शेवटी आमचं मंडळ त्या रस्त्याने पार दुसऱ्या टोकाच्या लाकडी निवाऱ्यापर्यंत जातं. तीन वर्षं लागोपाठ हेल्वीबाई निवाऱ्याला पोचल्या त्या दोरीच्या टोकाला. दोरीचं दुसरं टोक आर्मासच्या चुलतभावाच्या, तैस्तो लुओमाच्या गाडीला. दोरी पिवळीधमक. ओढून नेता नेता तैस्तो मधूनमधून मागे वळून हात हलवायचा, जशी काही वरात निघाली आहे. जिने गावच्या कचेरीत अख्खी नोकरी कारकुनी करून काढली, जिच्या सहीवाचून गावात कुत्रं पाळता येत नसे, त्या बाईने तो हात तीन वर्षं पाहिला.

आणि या वर्षी सर्वांत पुढे राहण्याची पाळी हेल्वीबाईंची होती. मंडळात ही जागा जुनेपणाने फिरत येते. एकदा गेली की पुन्हा यायला बरीच वर्षं लागतात, आणि आमच्या वयात बरीच वर्षं कोणी गृहीत धरत नाही. शिवाय नियम असा, की पुढच्याची गाडी बंद पडली तर मान त्याच्या मागच्याकडे जातो. मागचा तैस्तो होता.

हेल्वीबाईंना एवढंच हवं होतं. एकदा, सगळ्यांच्या पुढे, आपल्या गाडीने, दोरीशिवाय पोचायचं.

रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला त्यांनी विषय काढला. खरवडणी म्हणजे पट्ट्याच्या आतल्या दोन्ही कडांना लावायचे दोन लोखंडी पंजे. गाडीबरोबर फरफटत ते बर्फ खरवडतात, भुसा उडतो, गाडी थंड राहते. एवढं ऐकून होईपर्यंत टेबलावरचा वेलचीचा पाव तसाच राहिला.

"कशाला वहिनी नसता उपद्व्याप?" तैस्तो म्हणाला. "गाडी तापते म्हणजे तिच्यात जीव आहे."

"मग थोडा तुमच्या गाडीत घाला की भावजी. ती नुसतीच खोकते."

"माझ्या मेहुण्याने बसवली होती. पट्टा फाटला."

"तुमच्या मेहुण्याने कोंबड्या पाळल्या, त्याही मेल्या."

बर्निस बोद्री कॉफी ढवळत होती. ती मंडळाची अध्यक्ष, आणि कचेरीत हेल्वीबाईंच्या खुर्चीवर आता तीच बसते. "हेल्वीताई, मला यंत्रातलं कळत नाही," ती हळुवारपणे म्हणाली. "मी आपली एवढंच विचारते. पास्ट्यांचं काय?"

खरा प्रश्न आत्ता विचारला गेला, हे सगळ्यांना कळलं.

"पास्ट्यांनी आपापलं बघावं," हेल्वीबाई म्हणाल्या आणि उठल्या.  घरी दारात बूट काढताना आर्मास म्हणाले, "मलाही पास्टी लागते." दिवसाला दोन वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक त्यांनी यावर खर्च केलं.

तालुक्याच्या दुकानात खरवडणीचे दोन प्रकार होते. एक तारेच्या दोरीची. लवचिक, गाडी मागे घेतली तरी आपली वळते आणि सरळ होते. दुसरी जाड स्प्रिंगची. बर्फात कडकडून चावते, पण खाली सोडलेली असताना गाडी मागे घेतली की केसातल्या आकड्यासारखी पिळवटते. हेल्वीबाईंची गाडी गॅरेजात नाक आत करून उभी असते. बाहेर काढायची तर मागेच घ्यावी लागते. म्हणजे शहाण्या माणसाने दोरीची घ्यावी हे उघड होतं, आणि हेल्वीबाईंचा हात तिच्याकडे गेलाही होता.

"हीच न्या," दुकानदार म्हणाला. "बायका हीच नेतात."

त्यांनी स्प्रिंगची घेतली.

शनिवारी काम काढलं. गॅरेजात इतकी थंडी होती की ड्रिलची बॅटरी दोन गिरक्या घेऊन झोपली. शिवाय भोकं जिथे पाडायची, तो पट्ट्याच्या आतला सांगाडा बर्फाने लिंपलेला होता. मग हेल्वीबाईंनी, आमच्यातल्या कोणीही केला असता तोच विचार केला. आमच्याकडे मूल जन्मायचं सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, सर्दी घालवायची सौनात, भांडण मिटवायचं सौनात. मग सांगाडा कुठे न्यायचा? त्यांनी आणि आर्मासनी बोल्ट काढले, तो लोखंडी सापळा कुथत-कण्हत अंगणातून नेला आणि सौनाच्या खालच्या बाकावर आडवा केला. थोडा विरघळला की बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत आणून भोकं पाडायची, असा बेत. भट्टी नुकतीच पेटवली होती, कारण शनिवार होता.

शनिवार होता, म्हणजे संध्याकाळी शेजारी सौनाला येणार होते. कित्येक वर्षांचा रिवाज. घरात माणूस आजारी असो की पाहुणा असो, शनिवारची सौना कोणी रद्द करत नाही. मग सांगाड्यासाठी करणं तर अपमानास्पदच. आपण भोकं पाडून मोकळ्या होऊ, मग लोक येतील, असा हेल्वीबाईंचा हिशेब होता. तेवढ्यात फाटकाशी बर्निस आली.

"हेल्वीताई, एक अडचण आहे."

"पास्ट्यांची असेल तर उद्या ये."

"कायद्याची आहे. 'दातेरी लोखंडी अवजार गावाच्या पक्क्या रस्त्यावरून फरफटत नेता कामा नये.' आपल्या वाटेवर पक्के रस्ते आडवे येतात."

"तो नियम कुळवासाठी होता. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याने नव्या डांबरावरून कुळव ओढत नेला होता."

"नियमात कुळव म्हटलेलं नाही. दातेरी लोखंड म्हटलंय." बर्निसने घसा साफ केला. "मसुदा तुमचाच आहे. 'फरफटत' हा शब्द तर तुम्ही बैठकीत भांडून घालून घेतला होता. त्यांना 'ओढत' हवा होता."

हेल्वीबाईंनी बुटाच्या टोकाने बर्फ उकरला. "'ओढत'मध्ये चाकाची गाडीसुद्धा आली असती," त्या शेवटी म्हणाल्या.

"तेच तर. चांगला नियम आहे."

"चांगलाच आहे."

आपणच बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटलं तरी भिंत पक्की बांधलीय याचा माणसाला थोडा अभिमान वाटतोच. दोघी कचेरीत वाढलेल्या. अंगणात, गुडघाभर बर्फात, नाकाचे शेंडे लाल होईपर्यंत त्यांनी त्या नियमाचा कीस काढला. शेवटी ठरलं: प्रत्येक पक्क्या रस्त्याशी गाडी थांबवायची, उतरून दोन्ही खरवडण्या वर आकड्याला अडकवायच्या, रस्ता ओलांडायचा, पुन्हा उतरून खाली सोडायच्या. या थांबण्याला बंद पडणं मानायचं नाही. बर्निस समाधानाने गेली.

हेल्वीबाई सौनाकडे वळल्या तर चिमणीतून धूर सरळ वर चाललेला आणि आतून तैस्तोचा आवाज. तो दोन शेजाऱ्यांना घेऊन वेळेआधीच आला होता. बसायला अडचण होते म्हणून तिघांनी मिळून सांगाडा सगळ्यात वरच्या बाकावर चढवला होता, आणि तैस्तो दगडांवर पळ्यांवर पळ्या पाणी मारत होता.

"लोखंडालाही वाफ मानवते, वहिनी," तो आतून ओरडला.

लोखंडाला मानवली असेल. सांगाड्याच्या तळाला प्लास्टिकच्या दोन सरकपट्ट्या असतात, त्यांना मानवली नाही. बर्फाविना त्या घासून वितळतात, म्हणूनही लोक खरवडणी बसवतात. ज्या पट्ट्या खरवडणीने वाचायच्या, त्या खरवडणी बसण्याआधीच सौनात ओल्या पापडासारख्या लोंबत होत्या. टॉवेल गुंडाळलेले तिघे पुरुष त्यांच्याकडे गंभीरपणे बघत उभे राहिले. एकाने टोपी नसताना टोपी काढायला हात नेला.

नव्या पट्ट्या आणायला गेल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कशाने वितळल्या?"

"उकाड्याने," हेल्वीबाई म्हणाल्या. दुकानाच्या काचेवर बोटभर बर्फाची नक्षी धरली होती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मलाच त्यांची दया येते. डावी खरवडणी उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली; दोघींची नखं एकमेकींकडे वळून कुजबुजायला लागली. आर्मास काठी टेकत आले, वाकून बघितलं, म्हणाले, "उलट," आणि गेले. पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा बसवलं. मग अपेक्षाभंग न करता हेल्वीबाईंनी एका सकाळी खरवडणी खाली असतानाच गाडी गॅरेजातून मागे घेतली. दोन्ही स्प्रिंगा पिळवटल्या आणि पुन्हा दुकान गाठावं लागलं. दुकानदाराने या वेळी फक्त दोरीची जोडी उचलून काउंटरवर ठेवली.

"स्प्रिंगचीच द्या," हेल्वीबाई म्हणाल्या.

मला विचाराल तर त्या बाईचं मोठेपण मला तिथे दिसतं. शहाणपणाने वागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात मान ताठ ठेवून उतरणारी थोडी.

निघायचा दिवस उजाडला तो स्वच्छ आणि कडक. रस्ता असा चकाकत होता की बघवत नव्हतं. सगळ्यांनी चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या पास्ट्या आणून दिल्या. आजारी माणसाला फुलं द्यावीत तशा चेहऱ्याने. हेल्वीबाईंनी त्या डब्यात रचल्या, आर्मास मागे चढले, आणि मंडळ निघालं. हेल्वीबाई सर्वांत पुढे.

खरवडणीने काम केलं. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण अशा गोष्टींत सहसा काही काम करत नाही. नखं बर्फात घुसली, करकर आवाज करत त्यांनी पांढरा भुसा उडवला, आणि तापमानाचा काटा जो खाली बसला तो उठेना. जिथे दरवर्षी पहिली वाफ दिसायची तो पूल गेला. जिथे दरवर्षी पिवळी दोरी निघायची ते वळणही गेलं. हेल्वीबाईंना वळून हात हलवायचा मोह झाला. त्यांनी तो आवरला, पण खांदे थोडे रुंद झाले असावेत, कारण मागून आर्मास म्हणाले, "समोर बघ."

पहिल्या पक्क्या रस्त्याशी त्या उतरल्या, वाकल्या, दोन्ही खरवडण्या अडकवल्या, रस्ता ओलांडला, पुन्हा उतरल्या, सोडल्या. मागे गाड्यांची रांग घरघरत उभी.

"वहिनी, रस्ता ओलांडताय की लग्न लावताय?" तैस्तो ओरडला.

"मुहूर्त पाळावा लागतो, भावजी."

दुसऱ्या रस्त्यालाही तेच. तिसऱ्या रस्त्याशी मात्र बर्निस उतरून पुढे आली, तिने बॉनेट उचललं आणि डब्यात हात घातला. एक पास्टी काढून तिने पत्र्यावर आपटली. ठक्क असा आवाज झाला. सगळ्या रांगेने तो ऐकला.

"दगड," बर्निस म्हणाली.

निवाऱ्यात शेकोटी असते, नाही असं नाही. पण गोठलेली पास्टी शेकोटीवर धरली की बाहेरून कोळसा होते आणि आत बर्फाचा बर्फच राहते. आमच्यापैकी प्रत्येकाने हे एकेकदा करून पाहिलं आहे. लोक गाड्यांवरून उतरून डब्याभोवती जमले. कोणी काही बोलेना, आणि आमच्याकडे न बोलणं हीच सगळ्यात मोठी ओरड.

"गाडी झकास चालली तुमची," तैस्तो म्हणाला. "तेवढं मान्य. पण पुढे राहायचंय की माणसांना जेवायला घालायचंय, ते ठरवा. दोन्ही होणार नाही."

हेल्वीबाईंनी मदतीसाठी आर्मासकडे पाहिलं.

"भूक लागलीय," आर्मास म्हणाले.

आता पुढचा, शेवटचा पक्का रस्ता निवाऱ्याच्या अलीकडे थोड्याच अंतरावर होता. तिथे हेल्वीबाई नेहमीसारख्या उतरल्या, वाकल्या, दोन्ही खरवडण्या वर अडकवल्या, रस्ता ओलांडला. आणि पलीकडे गेल्यावर थांबल्या नाहीत.

आर्मासनी खांद्यावर बोट टेकवलं. "खाली सोड."

"नाही."

"उकळेल."

"तीच वाट बघतेय."

त्या दिवसात आर्मासची वाक्यं संपून पुढच्या आठवड्याची सुरू झाली होती, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

काटा हलला. आधी सावकाश, मग घाईने. गाड्यांबद्दल हेल्वीबाईंना फार कळत होतं असं नाही, पण ही गाडी थंडपासून उकळेपर्यंत कशी-कशी जाते, हे त्यांच्याइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं त्यांनी दुसरं पाहिलंच काय होतं? आधी सीट कोमट होते. मग बॉनेटखालून गोडसर वास येतो. मग हँडलात बारीक कंप भरतो, आणि त्यानंतर साधारण एका चढाचा आणि एका उताराचा वेळ हातात असतो. दरवेळी हे सगळं त्यांनी दोरीच्या धास्तीने पाहिलं होतं. आज मात्र चुलीवर काही ठेवलेल्या बाईसारखं पाहिलं. सीट कोमट झाली. वास आला, आणि त्या वासामागून, हळूच, कांद्याचा वास आला.

चढ लागला तसा हँडलात कंप भरला. चढाच्या माथ्यावर लाल दिवा लागला. मागून तैस्तोने गाडी जवळ आणली. पिवळी दोरी त्याने आधीच मांडीवर घेतली होती. निवाऱ्याची चिमणी समोर दिसत होती, पण दिसणं आणि पोचणं यांत पूर्ण उतार बाकी होता. हेल्वीबाईंनी हात ढिला सोडला, गाडी काठाकडे नेली, जिथे झाडांच्या सावलीत हातभर रुंद भुसभुशीत बर्फ अजून तग धरून होता, आणि त्या चिंचोळ्या पट्टीवरून, अर्धी गाडी झुडपांत, फांद्यांचे फटके खात, उताराने खाली आणली. लाल दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला. आर्मासची टोपी एका फांदीने ठेवून घेतली.

निवाऱ्याच्या दाराशी गाडी आपल्या पायांनी पोचली आणि मगच तिने तोंड उघडून वाफ सोडली.

बॉनेट उचललं. चांदीच्या कागदांवर पाणी चरचरत होतं. हेल्वीबाईंनी हातमोजे घालून एकेक पास्टी ज्याच्या त्याच्या हातात दिली; बर्निसने तिथेच, उभ्या उभ्या, कडा मोडली आणि वाफ चेहऱ्यावर घेतली. कोणी काही बोलेना, पण या वेळी तोंडं भरली होती.

"लाल दिवा लागला होता," तैस्तो चावता चावता म्हणाला. "मी पाहिला."

"मीही पाहिला. आतल्या बटाट्याला तेवढा लागतो."

"माझी एका बाजूने करपलीय."

"पुढल्या वेळी मधेच उलटीन."

परतायची वेळ झाली. येताना जो पुढे तो जाताना शेवटी, आणि दुसऱ्या क्रमांकाचा पुढे, असा मंडळाचा रिवाज. म्हणजे परतीचा मान तैस्तोचा. तो गाडीवर बसला, इंजिन सुरू केलं आणि तसाच बसून राहिला. मग त्याने ते बंद केलं. दोरी गुंडाळून सीटखाली ठेवली. ती नीट बसली की नाही हे गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं.

"वहिनी," तो दुसरीकडे बघत म्हणाला, "तुम्हीच व्हा पुढे."

"पाळी तुमची आहे."

"असेल. येताना तुमच्या मागे होतो. तुम्ही खरवडत होतात तोवर मागे भुसा राहत होता, तर माझा काटा अर्ध्यावरही गेला नाही. शेवटी तुम्ही ते बंद केलंत आणि माझीसुद्धा तापली."

"रिवाजात बसत नाही, भावजी."

"नाही बसत," तैस्तो म्हणाला. "पण दुपार झालीय. रस्ता अजून गुळगुळीत झालाय."

हेल्वीबाईंनी बर्निसकडे पाहिलं. बर्निस रुमालाने तोंड पुसत होती. तिला तो रिवाज त्या क्षणी आठवत नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. आर्मास मागे चढले आणि सरकून बसले. रांगेतल्या सगळ्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या, पण जागची एकही हलली नाही.

मग हेल्वीबाई गाडीला वळसा घालून वाकल्या. त्यांनी आधी डावी खरवडणी खाली सोडली, मग उजवी.